पाखरांची नोंदवही

(पेण व रोहे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शाळेत नोंदवह्यांची उणीव नाही. म्हणून आणखी एका वहीची शिफारस करताना मला संकोच वाटतो. परंतु ही वही तपासणीसाठी नाही, हे आरंभीच सांगतो.

१९३० साली सलीम अली आपल्याच जिल्ह्यातील किहीम येथे राहावयास आले. त्यांची नोकरी गेली होती. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिच्यासमोर बसून जे दिसे, ते ते टिपून ठेवीत. त्यातून उलगडले ते असे : घरटे विणतो तो नर. अर्धवट घरटे मादी पाहून जाते. तिला पसंत पडले, तर नर ते पुरे करतो आणि दुसरे विणावयास घेतो. डोळे, वही आणि धीर एवढ्या साधनांवर हे ज्ञान हाती आले.

आज हेच काम असंख्य नागरिक मिळून करीत आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात. भारत त्यात २०१३ पासून सहभागी आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. मात्र ज्या गावाहून नोंद जात नाही, तेथील पाखरे या हिशेबात येत नाहीत.

पद्धत सोपी आहे. जागा एकच ठरवावी : शाळेचे अंगण, पेणची बाजारपेठ, रोह्यास कुंडलिकेचा काठ. तेथे १५ मिनिटे शांत उभे राहावे. तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव व संख्या लिहावी. मान करडी तो गावकावळा, सर्वांग काळे तो डोमकावळा, इतका भेद मुले पहिल्याच दिवशी शिकतात. ओळख पटली नाही, तर तसे लिहून रंग व आकार नोंदवावा. घरट्यास हात लावू नये. पुढे शिक्षकांनी ही नोंद आपल्या नावे ‘ई-बर्ड’वर पाठवावी, मुलांची नावे देऊ नयेत.

आता माझी एक चूक सांगतो. एका शाळेत मी अशी वही पाहिली. रोज चिमण्या पाच, साळुंक्या चार. वही पूर्ण भरलेली पाहून मी शाबासकी दिली. बाहेर पडताना एक मुलगी हळूच म्हणाली, “साहेब, मी शून्य लिहिलं होतं. चिमणी आलीच नव्हती.” कोरी जागा साहेबांना आवडणार नाही, या भीतीने शून्याचे पाच झाले होते. ती भीती माझ्यासारख्यांनीच निर्माण केली होती. त्या वहीतील सर्वांत मोलाची नोंद ते शून्यच होते. कारण चिमणी कोठून व केव्हा नाहीशी झाली, हे शून्याखेरीज कळणार कसे?

म्हणून माझी विनंती एवढीच : जे दिसले तेच लिहू द्या, दिसले नाही तेही लिहू द्या. मुलाच्या खऱ्या शब्दाला वहीत स्थान मिळाले, तर तो विज्ञानाचा पहिला धडा होय. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह असून १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिन आहे. प्रारंभास तो मुहूर्त उत्तम आहे. वही मी तपासणार नाही. पण आपण दाखवाल, तर आनंदाने वाचीन.