थंडी आणि मोटारीचा दिवा
डिसेंबर-जानेवारींत पुण्याचा पारा पहांटे कधीं १० अंशांवर उतरतो आणि दुपारीं ३० अंशांजवळ जातो. चाकांतील हवा थंड झाली कीं तिचा दाब उतरतो. दुपारीं ३३ पौंड असलेला दाब पहांटे सुमारें ३० पौंडांवर येतो. पुष्कळ मोटारींत दाब एकचतुर्थांशानें घटल्यावांचून सूचनेचा दिवा लागत नाहीं. तेव्हां नुसत्या थंडीनें तो लागावयाचा नाहीं. लागला, तर हवा आधींच कमी होती असें समजावें. क्वचित् खिळाही रुतलेला असेल. दुपारच्या उन्हानें दिवा विझला म्हणून निश्चिंत होणें धोक्याचें. मोटार बाळगणाऱ्या श्रोत्यांनीं खंबाटकीचा घाट गांठण्यापूर्वीं, चाकें थंड असतांनाच, दाब मोजावा आणि दारालगतच्या पट्टीवर दिलेल्या आंकड्याइतकी हवा भरावी.