चिकूखालची खिरणी

वाणगांव स्टेशनावर उतरून समुद्राकडे गेलें म्हणजे चिंचणी लागते. खाडीच्या पलीकडे तारापूर. आणि अलीकडे, डहाणू तालुक्यांत, किनाऱ्याकिनाऱ्यानें घोलवड-बोर्डीपर्यंत गेलेल्या वाड्या. या पट्ट्यांत राज्य चिकूचें आहे. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेंतला. घोलवडला तो १८९८ च्या सुमारास लागला, असें सांगतात. पुढें तो इतका इथला झाला कीं २०१६ सालीं डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें. मुंबईच्या बाजारांत टोपलींतून चिकू निवडून घेणाऱ्या गृहिणीला त्याच्या परदेशी कुळाची आठवणहि होत नाहीं.

तिला आणखी एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. हा चिकू बहुधा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. बीं पेरून केलेलें चिकूचें झाड उशिरा फळतें, आणि त्याचें फळ आईच्या गुणाचें उतरेलच असा भरंवसा नसतो. म्हणून माळी दुसऱ्या एका झाडाचें रोप वाढवितो आणि त्यावर चिकूच्या फांदीचें कलम बांधतो. तें दुसरें झाड म्हणजे खिरणी. रायण, रांजणी हीं तिचींच नांवें. संस्कृतांत तिला राजादन आणि क्षीरिणी म्हणतात. चिकूची ही आपल्याकडची चुलत बहीण. दोघांच्याहि अंगांत पांढरा चीक, आणि अमेरिकेंत तर चिकूच्या त्या चिकापासूनच पूर्वीं चघळण्याचा गोंद करीत.

खिरणी रानांतली आणि सदाहरित, म्हणजे पानें एकदम न गाळणारी. अशा झाडानें कोरड्या मुलखांत टिकणें सोपें नव्हे. साग उन्हाळ्यांत पानें टाकून पाण्याचा खर्च थांबवितो. खिरणीला तो बारा महिने चालवावा लागतो. तिचीं पानें जाड व चिवट, वाढ अतिशय सावकाश, आणि लांकूड इतकें घट्ट कीं तेलाच्या घाण्यासाठीं तें उपयोगांत आणीत. हा काटकपणा चिकूला उसना मिळतो. किंचित् खारी जमीन आणि पाऊस गेल्यानंतरचे कोरडे महिने मुळें सोसतात. गोडी मात्र वर चिकूच्या नांवावर जमा होते.

आतां सोसण्याचें माप वाढत आहे. अरबी समुद्र तापत चालला आहे. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गेलें, तेव्हां पालघर जिल्ह्यांतील चिकूच्या वाड्यांची पुष्कळ हानि झाली. अवेळीं पाऊस, वाढता उन्हाळा, आणि विहिरींचा उपसा अतोनात झाला कीं जमिनीखालून आंत सरकणारें समुद्राचें पाणी, हीं संकटें हातांत हात घालून येतात. अशा वेळीं नवें खत कोणतें, नवें औषध कोणतें, याची चौकशी होते. वाडीखालची खिरणी कोणत्या रानांतून आली, ही चौकशी त्याहून महत्त्वाची आहे.

कारण रानांतल्या दोन खिरण्या एकसारख्या नसतात. पंचमहालच्या माळावरची, गीरच्या जंगलांतली आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोरड्या सदाहरित रानांतली, अशा प्रत्येकीनें निराळें ऊन, निराळी माती पाहिलेली असते. रोपवाटिकेनें एकाच सोयीच्या झाडाखालचें बीं वेंचलें, तर अनेक वाड्यांखालीं एकाच घरचीं मुळें जातात. एकाला जें मारील तें सर्वांना मारील. गोध्र्याच्या केंद्रीय फलोद्यान प्रयोग केंद्रानें खिरणीचे निरनिराळे प्रकार जमविले आणि ‘थार ऋतुराज’ ही जात निवडून काढली. काम मोलाचें आहे. पण ही निवड फळासाठीं झाली. मुळासाठीं निवड करणें हा वेगळा उद्योग आहे.

बीं कोठारांत भरून ठेवावें, तर तेंहि सोपें नाहीं. गहूं-ज्वारी वाळवून वर्षानुवर्षें राखतां येतात. सदाहरित रानांतल्या पुष्कळ झाडांचें तसें नसतें. फणस किंवा जांभूळ यांचें बीं वाळलें कीं मेलें. खिरणीचेंहि बीं ताजें असतांच पेरलेलें बरें. तिचें खरें कोठार म्हणजे उभें झाड, आणि त्या झाडाचें संरक्षण तुटपुंजें आहे. महाराष्ट्रानें १९६४ सालीं केलेल्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादींत आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ हीं नांवें आलीं; खिरणीचें आलें नाहीं. १९९१ सालीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला व त्यामुळें कारखान्यांना आळा बसला. बांधावरची एकटी खिरणी राखणें मात्र अखेर बांधाच्या मालकाच्याच मर्जीवर राहतें.

तिचीं पिवळीं फळें उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात, आणि पांखरें व पोरें त्यांवर एकदमच तुटून पडतात. बीं हवें असेल तर त्याच थोड्या दिवसांत, दूरदूरच्या दहा-बारा झाडांखालून थोडथोडें वेंचून, कोणतें कोठलें हें चिठ्ठीवर लिहून, लगेच पेरावें लागतें. त्या रोपाचें खोड चिकूचें कलम बांधण्याजोगें होईपर्यंत दोन वर्षें तरी जातात.