आजीच्या गाठोड्यातल्या पैशाची किंमत



माझं काम सॉफ्टवेअरचं, पण आज बोलणार आहे जुन्या नाण्यांवर. याला कारण आपल्याच वर्गातला एक मित्र. मुलीच्या हॉस्टेलची फी भरायची होती, आणि घरात काकूंनी जपलेलं नाण्यांचं एक गाठोडं होतं. त्यातल्या एका नाण्याचे पाच लाख देतो, असा फोन आला. आधी साडेआठ हजार ‘रजिस्ट्रेशन’ भरा म्हणाले. पैसे भरण्याआधी त्यानं मला विचारलं, “खरंच एवढे येतील का गं?” त्याच्या परवानगीनं तो सगळा हिशोब तुम्हाला सांगते, कारण असं गाठोडं आपल्या बऱ्याच घरांत असेल.

पाच लाखांचं ते नाणं रामदरबाराचं होतं. एका बाजूला राम-सीता, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. कंपनीनं असं नाणं चलनात कधीच काढलं नाही. हे अलीकडे पाडलेले टोकन आहेत, संग्राहकाच्या लेखी किंमत शून्य. आणि फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे : बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो, एवढं लक्षात ठेवा.

गाठोड्यात भोकाचे पैसे होते. ते १९४३ ते १९४७ या काळातले, इतके पाडले गेले की आजही ढिगानं मिळतात. जुनं म्हणजे महाग, हा आपला पहिला गैरसमज. किंमत ठरते चार गोष्टींवर : नाणं खरं आहे का, किती उरलीत, किती झिजलंय आणि घेणारे किती आहेत.

खरी मौज होती चारमिनारच्या अकरा रुपयांत. हा आपला हाली शिक्का. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ ला आपण उस्मानाबादमध्ये आलो आणि १९८२ ला लातूरमध्ये. जुनी माणसं हाली आणि कलदार असा फरक करायची, ते तुम्ही ऐकलं असेल. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. चारमिनारच्या दारात एक अक्षर दिसतं : ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान, ‘मीम’ असेल तर त्यांचे वडील महबूब अली खान.

साल हिजरीत आणि फारसी आकड्यांत असतं. त्याला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. १३३७ चं उत्तर येतं १९१८-१९. हे साल महत्त्वाचं, कारण हाली रुपयाचं वजन ११.१७८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के असायची. दुसऱ्या महायुद्धात ती ५० टक्क्यांवर आली. म्हणजे आधीच्या रुपयात ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी, नंतरच्यात ५.५९. मित्राकडे सात जुने, चार नंतरचे. एकूण सुमारे ८६ ग्रॅम. त्याला त्या दिवसाच्या भावानं गुणलं की तळाची किंमत मिळते. सराफाकडे वजन करून घ्या, त्याखाली देऊ नका. त्याच्या वर काही मिळेल का, हे बघायला लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे भाव पाहा. जाहिरातीत मागितलेला भाव म्हणजे किंमत नव्हे.

एक विनंती. चिंच, राख, लिंबू काही लावू नका. नाण्यावर चढलेला काळसर रंग घासला की संग्राहक मागे फिरतो. आणि घर पाडताना जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शंका असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालयही बघण्यासारखं आहे.

हिशोब ऐकून मित्र गप्प झाला. त्या पैशांत हॉस्टेलची फी भागणार नव्हती, आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्यानं शिक्षणकर्ज काढलं. काकूंना हे कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं. ते सासूबाईंच्या मजुरीचे आहेत.” वर्षाच्या राबण्यातून एखादा रुपया बाजूला पडायचा, असे ते अकरा. रामदरबाराचं टोकन त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं. तिथे ते शोभतंही.

तुमच्या घरच्या गाठोड्याबद्दल कुणाला विचारायचं असेल, तर जेवताना निलंगा राईसच्या रांगेत मला गाठा. फोटो दोन्ही बाजूंचे आणा, आणि वजन करून आणा. फी लागणार नाही.