वाट आत येण्याची आणि बाहेर पडण्याची

टोकियोत १९८४ साली शोको असाहारा नावाच्या माणसाने लहानसा योगवर्ग सुरू केला. मनःशांतीसाठी माणसे येऊ लागली. काही वर्षांतच त्या वर्गाचा ‘ओम शिनरिक्यो’ हा पंथ झाला. संन्यास घेणाऱ्याने घरदार तोडायचे, पैसाअडका पंथाला द्यायचा. मुले परत मिळावीत म्हणून धडपडणाऱ्या आईबापांचे वकील साकामोतो यांचा १९८९ मध्ये पंथाच्या माणसांनी पत्नी व लहान मुलासह खून केला. पुढे २० मार्च १९९५ रोजी त्यांनी भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. १४ जण प्राणाला मुकले, हजारोंना बाधा झाली. वायू सोडणाऱ्यांत एक हृदयशल्यविशारद होता! २०१८ मध्ये असाहारासह १३ जणांना फाशी झाली.

तेव्हा अडाणीच फसतात, या भ्रमात राहू नका. घातक पंथात जायचे म्हणून कुणी जात नाही. माणूस योगवर्गाला जातो, प्रवचनाला जातो. म्हणून सुरुवातीलाच पाहा. गुरूला प्रश्न विचारलेला चालतो का? तिथले सारे घरी मोकळेपणाने सांगता येते का? नकोसे वाटले, तर उठून येता येते का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर चपला दाराबाहेरच आहेत. पायांत घाला आणि घरी या.