तोफेची किंमत गोळ्यावरून

(तुडील, ता. महाड येथे कार्यकर्त्यांच्या सभेत झालेले भाषण)



सावित्रीच्या खाडीकाठच्या गावी युद्धनौकांवरील तोफांचा विषय काढला तर तो अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु याच जिल्ह्याच्या समुद्रात या विषयाचा एक जुना धडा आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर तटबंदीचे काम काढले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी 'रिव्हेंज' हे लढाऊ जहाज आणि इतर गलबते पाठवून बेटाची कोंडी केली. १८ ऑक्टोबरच्या झुंजीत मराठ्यांनी त्यांचे 'डोव्हर' पकडले खरे. पण 'रिव्हेंज'च्या माऱ्यापुढे मराठी आरमाराला मागे हटावे लागले, हेही नाकारण्याचे कारण नाही. तथापि लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद घेऊन बेटावर पोचतच राहिल्या. पाठलाग झाला की त्या उथळ खाडीत शिरत, आणि तेथे मोठ्या जहाजाचा इलाज चालत नसे. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. त्यांची तोफ कमकुवत नव्हती. तिच्या तोलाचे लक्ष्य मात्र समोर उभेच राहत नव्हते.

तीन शतकांनंतर अमेरिकेने याच प्रश्नाला अब्जावधी डॉलर खर्चून तोंड दिले. 'झुमवॉल्ट' या विनाशिकेवर १५५ मिलिमीटरच्या दोन तोफा बसवण्यात आल्या. त्यांचा खास गोळा उपग्रहाच्या साह्याने दिशा साधत शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर अचूक पडेल, किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांना क्षेपणास्त्रापेक्षा कितीतरी स्वस्तात पाठबळ मिळेल, असे आश्वासन होते. प्रारंभी एका गोळ्याची किंमत पन्नास हजार डॉलरच्या आत धरलेली होती. परंतु बत्तीस जहाजांची योजना तीन जहाजांवर आली. संशोधनाचा आणि यंत्रसामग्रीचा खर्च होता तसाच राहिला आणि तो थोड्या गोळ्यांवर वाटला गेला. परिणामी गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरवर गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये जहाज नौदलात दाखल झाले आणि पुढच्याच महिन्यात गोळ्यांची खरेदी रद्द झाली. तोफ त्याच एका गोळ्यासाठी घडवलेली असल्याने तिच्यात दुसरा गोळा चालत नव्हता. पुढे २०२३ पासून या तोफा काढून त्या जागी क्षेपणास्त्रांच्या नळ्या बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. मक्तेदार कंपन्यांना मिळालेला पैसा अर्थातच परत आला नाही.

आठ लाख डॉलर म्हणजे त्या वर्षीच्या दराने पाच कोटी रुपयांहून अधिक. त्याच २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसह पुरात गेल्या. त्या जागचा नवा पूल १६५ दिवसांत, सुमारे पस्तीस कोटींत उभा राहिला. म्हणजे सात गोळ्यांना एक पूल!

बारुदाऐवजी विजेच्या बळावर गोळा फेकणाऱ्या तोफेची कथाही निराळी नाही. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकी नौदलाने तिची विक्रमी शक्तीची चाचणी केली. मात्र नळीची झीज आणि विजेची प्रचंड गरज हे प्रश्न सुटले नाहीत, आणि २०२१ मध्ये काम थांबवण्यात आले. जपानने २०२३ मध्ये जहाजावरून अशी तोफ डागून पाहिली. तो अद्याप प्रयोगच आहे.

आपल्याकडे काय झाले? नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने भारताला १२७ मिलिमीटरच्या तेरा तोफा, दारूगोळ्यासह, एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकण्यास मान्यता दिली. तो व्यवहार प्रत्यक्षात आला नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या 'विशाखापट्टणम'पासून 'सुरत'पर्यंतच्या चारही विनाशिका ७६ मिलिमीटरच्या तोफा घेऊनच समुद्रात उतरल्या. मूळ आराखडा इटालियन असला, तरी ही तोफ सार्वजनिक क्षेत्रातील 'भेल'च्या हरिद्वार कारखान्यात बनते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा सोळा सुधारित तोफांचा २,९५६ कोटी रुपयांचा करार झाला. मोठी तोफ न मिळाल्याची हळहळ काही तज्ज्ञांनी व्यक्त केली. पण त्याच सुमारास तांबड्या समुद्रात हूथींच्या स्वस्त ड्रोन विमानांवर अमेरिकी जहाजे वीस-वीस लाख डॉलरची क्षेपणास्त्रे खर्च करू लागली, आणि मार्च २०२४ मध्ये 'काइओ दुइलिओ' या इटालियन विनाशिकेने तसेच ड्रोन ७६ मिलिमीटरच्या तोफेने पाडले. खांदेरीच्या होड्यांचा हिशेब येथे उलट्या बाजूने सुटलेला दिसतो. मिनिटाला शंभराहून अधिक गोळे डागणारी साधी तोफच परवडली.

यावरून समाजवाद्यांनी नौदलावरील खर्चच नाकारावा, असा अर्थ कोणी काढू नये. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. अपुऱ्या साधनांची किंमत खलाशी भरतो, आणि महाड-पोलादपूरच्या घरांना वर्दीतल्या मुलाची काळजी शिकवावी लागत नाही. म्हणूनच 'किती खर्च' यापेक्षा 'कशावर खर्च' हा प्रश्न अधिक कठोरपणे विचारला पाहिजे.

तोफ काही दशके टिकते. गोळे मात्र मिनिटभरात संपतात. हे गोळे भरणारे कामगार कोण? १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये संरक्षण उत्पादनातील संपाला बंदी घालणारा कायदा संसदेत संमत करून घेतला. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे. खडकी, देहूरोड, वरणगाव, चांदा, भंडारा येथील कारखाने तिच्याकडे आले. त्यांपैकी भंडाऱ्याच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. तोफेच्या पल्ल्यावर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी या आठ मृत्यूंची दखल घेतली?

संसदेच्या येत्या अधिवेशनासाठी तालुक्यातून जी प्रश्नावली खासदारांकडे जाईल, तीत हे दोन प्रश्न अवश्य असावेत : देशात बनणाऱ्या ७६ मिलिमीटरच्या गोळ्याचा उत्पादनखर्च किती, आणि त्यात तो भरणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेचा वाटा किती?