गीत आणि त्याचे चित्र



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानासाठी ‘गाण्याची चित्रफीत’ हा विषय काहींना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. ग्रंथालय हे शब्दांचे घर, आणि चित्रफीत म्हणजे तीन-चार मिनिटांची करमणूक, असा सर्वसाधारण समज. परंतु आज जो तरुण स्वतः गीत लिहितो, स्वतः त्याला चाल लावतो, स्वतःच ते गातो आणि कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून लोकांपुढे ठेवू पाहतो, त्याच्यापुढे पहिला प्रश्न चित्राचाच उभा राहतो. नुसता आवाज ऐकण्यास लोक थांबत नाहीत. चित्र फार देखणे झाले, तर पाहणारा चित्रातच रमतो आणि गीत मागे पडते. या पेचातून वाट कोणती, याचा विचार उज्जयिनीत करावयाचा तर त्याची सामग्री फार दूर शोधावी लागत नाही.

भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यात कुमारिका ‘संजा’ मांडतात. घराच्या भिंतीवर शेणाने आकृती काढावयाची, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवावयाची, सायंकाळी आरती करून तिच्यापुढे गाणी म्हणावयाची, आणि दुसऱ्या दिवशी नवी आकृती मांडावयाची. स्वस्तिक, अष्टदल फूल असे करीत अखेरीस ‘किलाकोट’ येतो आणि मग सारे पाण्यात विसर्जित होते. मराठी घरांतील भोंडल्याशी याचे नाते सहज ध्यानात येते. तेथे पाटावर हत्ती, येथे भिंतीवर संजा; तेथे खिरापत ओळखावयाची, येथे झाकून आणलेला प्रसाद. दोन्हीकडे चित्र आहे म्हणून गाणे आहे, आणि तरीही गाण्यात येणारी सासर-माहेरची सारी हकिगत त्या चित्रात कोणी काढीत नाही. चित्र गाणाऱ्या मुलींना एकत्र जमविते. पुढचे काम गाणे करते.

दुसरे उदाहरण चित्रकलेचे. माळवा शैलीतील एक प्रसिद्ध रागमाला माधोदास या चित्रकाराने नरसिंहगड येथे 1680 मध्ये रंगविली. रागमालेतील तोडी रागिणी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्या सुरांनी ओढले गेलेले हरिण. हे कोण्या एका चिजेच्या शब्दांचे चित्र नव्हे. तोडी ऐकताना मनाची जी अवस्था होते, तिला चित्रकाराने रूप दिले. त्यातही हरिणाची योजना मोठी मार्मिक आहे. त्या चित्रातील श्रोता तोच आहे.

चित्रपट बोलू लागल्यावर हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये प्रदर्शित झाला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्याच्या आरंभीच विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम डोळे मिटून अभंग गातो आणि कॅमेरा जवळजवळ निश्चल राहतो. पाठोपाठ तोच अभंग सालोमालो देवळात आपला म्हणून थाटामाटाने गातो. शब्द तेच; परंतु एका चित्रात अभंग ऐकू येतो आणि दुसऱ्यात केवळ गाणाऱ्याची ऐट दिसते. गीताचे चित्रण कसे करावे व कसे करू नये, याचा पाठच मराठी चित्रपटाने त्या दोन प्रसंगांत घालून दिला आहे.

तथापि साधेपणा हाच एकमेव मार्ग आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘आ-हा’ या नॉर्वेजियन वाद्यवृंदाचे ‘टेक ऑन मी’ हे गीत 1984 मध्ये साध्या चित्रफितीसह निघाले, तेव्हा ते फारसे चालले नाही. पुढील वर्षी गीत नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि स्टीव्ह बॅरन यांनी नवी चित्रफीत केली. तीत चित्रित केलेल्या माणसांवरून पेन्सिलीने सुमारे 3,000 चित्रे रेखाटण्यात आली. चित्रकथेच्या पानातून एक हात बाहेर येतो आणि वाचणाऱ्या मुलीला आत ओढून घेतो, ही कल्पना जगभर पोहोचली आणि तिच्यासवे गीतही पोहोचले. या खटाटोपाचे गणित साधे, पण कष्टाचे आहे. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर चार मिनिटांच्या गीताला 6,000 चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटी टिकविले, तरी 3,000 चित्रे काढावीच लागतात.

सर्वच युक्त्या इतक्या कष्टाच्या नसतात. गायक संथ, तरंगल्यासारखा चालावा आणि ओठ मात्र शब्दांशी जुळावेत, असे हवे असल्यास चित्रण करताना गीत दुप्पट वेगाने वाजवितात, गायक त्या वेगाने ओठ हलवितो, आणि सेकंदाला 50 चौकटींनी टिपलेले दृश्य मागाहून 25 चौकटींनी दाखवितात. यासाठी पैशापेक्षा तालमीची गरज अधिक.

आपल्याकडील एक अलीकडचे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे. प्रतीक कुहाड हे मूळचे जयपूरचे, स्वतः गीते लिहून गाणारे गायक. 2020 च्या टाळेबंदीत त्यांच्या ‘कसूर’ या गीताची चित्रफीत दार गाय या दिग्दर्शिकेने केली. बाहेर पडून चित्रण करणे अशक्य होते. तेव्हा अनेकांना आपापल्या घरीच बसवून काही आठवणी मनात आणावयास सांगितले गेले, आणि त्या आठवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले तेवढेच टिपले गेले. त्या आठवणी कोणत्या, हे पाहणाऱ्यास कळत नाही. म्हणून तो त्या जागी स्वतःच्या ठेवतो. रागमालेतील हरिणाचेच हे नवे रूप म्हणावयास हरकत नाही.

सर्वांत अवघड परीक्षा मात्र माळव्याच्या निर्गुणी भजनाची. ज्याला रूप नाही, त्याचे चित्र काय काढावे? कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत त्यांनी माळव्याची लोकगीते आणि फिरत्या जोग्यांची भजने कान देऊन ऐकली. पुढे लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडविले, स्वतः बंदिशी रचल्या आणि निर्गुणी भजन मैफलीत आणून प्रतिष्ठित केले. तीच भजने उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रह्लादसिंग टिपानिया तंबुऱ्यावर गात आले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शबनम विरमानी यांनी 2008 मध्ये पूर्ण केलेल्या कबीरविषयक चार चित्रपटांपैकी ‘कोई सुनता है’ कुमारांच्या मागोव्यावर निघतो, तर ‘चलो हमारा देस’ टिपानिया आणि अमेरिकन अभ्यासिका लिंडा हेस यांच्या सोबतीने चालतो. त्यांत कॅमेरा गायकाबरोबर प्रवास करतो, अंगणात बसतो, ऐकणाऱ्यांकडे वळतो. निर्गुणाला रूप देण्याचा मोह टाळून, निर्गुण गाणारी आणि ऐकणारी माणसे त्याने दाखविली.

उज्जैनच्या तरुण गायकापुढे मोह अधिकच आहे. रामघाटावरचे दिवे, क्षिप्रेतील प्रतिबिंबे, 2022 मध्ये खुला झालेला महाकाल लोक, आणि हे सारे आकाशातून टिपणारे यंत्र. एवढ्यावर देखणी चित्रफीत तयार होते. पण पाहणारा ‘घाट सुरेख दिसतो’ एवढेच म्हणून उठतो, आणि ज्याने रात्री जागून ते शब्द जुळविले त्याच्या पदरी काही पडत नाही. घाट दाखवूच नये असे नाही. तो गीताच्या गरजेने यावा, शहराच्या जाहिरातीसाठी येऊ नये. परीक्षा सोपी आहे. चित्रफीत पूर्ण झाल्यावर एकदा डोळे मिटून ऐकावी आणि एकदा आवाज बंद करून पाहावी. नुसते ऐकताना गीत उणे वाटले, तर उणीव गीतातच आहे. नुसते पाहताना काहीच उणे वाटले नाही, तर चित्राने गीताची जागा बळकावली आहे, असे खुशाल समजावे.

या ग्रंथालयात शंभर वर्षे वाचकांनी पुस्तके वाचली. कथेतील वाडा, नदी, नायिकेचा चेहरा प्रत्येकाने मनात निराळा पाहिला, आणि तो हक्क कोणत्याही लेखकाने त्यांच्याकडून काढून घेतला नाही. गीताला चित्र देणाऱ्याने श्रोत्याचा तोच हक्क सांभाळला, तर चित्रफितीचे आणि ग्रंथालयाचे नाते वाटते तितके दूरचे राहणार नाही.