संगणकाच्या कॅबिनेटमधली खेळती हवा

संगणक वारंवार तापत असेल, तर आधी त्याच्या पंख्यांची दिशा तपासा. पुढच्या पंख्यांनी बाहेरची थंड हवा आत घ्यायची आणि मागच्या, वरच्या पंख्यांनी गरम हवा बाहेर टाकायची, हा साधा नियम. दिशा ओळखायची कशी? पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुढे आणि एक मागे, एवढे रोजच्या कामाला पुरतात. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली, की फटींतून धूळ कमी शिरते. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, पुढची जाळी नियमित झटका आणि साफसफाईआधी वीज जरूर बंद करा.